खंडेनवमीच्या दिवशी ट्रक तपासणे

माझ्या साडभावाने मला ट्रक विकताना माझ्या दुसऱ्याच वाक्याला "हो, घेऊन जा" म्हटलं. हा अपमान मी आजवर विसरलेलो नाही.

ज्यांनी कधी मोलभाव केला नाही त्यांना यात काय अपमान झाला ते कळणार नाही. मी दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, टायर आणि काचा पुसल्या, मग ड्रायव्हर झालो, मग एका मोडक्या ट्रकचा मालक झालो. हे सगळं मी भाव करून कमावलं. वडील जबलपूरलगतच्या खमरियाच्या सरकारी फॅक्टरीत होते. मीही तिथेच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. मी गेलो नाही, कारण महिन्याच्या पगाराशी भाव करता येत नाही. जबलपूरच्या बाजारात मला येताना पाहिलं की दुकानदार आधी स्वतःसाठी पाणी मागवत.

मोलभावाची एक रीत असते. मी काहीतरी सांगायचं, समोरच्याने कपाळाला हात लावायचा. त्याने आपल्या मुलाबाळांची शपथ घ्यायची, मी उठायचं, चपला घालायच्या, रस्त्याला लागायचं. मग त्याने मागून हाक मारायची. ती हाक येते ना, तिच्यासारखं सुख दुसरं नाही. साडभावाकडे ट्रकचा सौदा करायला गेलो तेव्हा पटकन घालता-काढता याव्यात म्हणून मी मुद्दाम सैल चपला घातल्या होत्या. आणि हा माणूस दुसऱ्या वाक्याला हो म्हणाला! चपला दारात तशाच राहिल्या.

घरी येताना ट्रक माझा झाला होता, आणि वाटेत दोनदा थांबून मी त्याच्याखाली वाकून पाहिलं. इतक्या लवकर हो म्हणणाऱ्याला विकत असलेल्या वस्तूविषयी काहीतरी माहीत असतं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. खमरियाच्या क्वार्टरमध्ये राहायचा, फॅक्टरीत खरादीवर, म्हणजे लेथवर, काम करायचा. भावासोबत भागीदारीत ट्रक घेऊन पाहिला, जमलं नाही, मला विकला. जबलपुरात भाऊजी कोण म्हणतं? बायको त्याला जीजाजी म्हणायची, तिचं ऐकून मीही जीजाजीच म्हणायचो. तो मला छोटे म्हणायचा. मी त्याच्यापेक्षा कशातही छोटा नव्हतो, पण नातं तसं होतं.

ट्रकने महिन्याभरात रंग दाखवला. सपाट रस्त्यावर बरा चालायचा, पण माल भरून चढणीला लागला की दम टाकायचा. टर्बोची गाडी होती. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून लहान इंजिन मोठं ओझं ओढतं. आमचा पंखा फिरत होता, पण हवा इंजिनापर्यंत पोचत नव्हती. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणून मागे काळाकुट्ट धूर. नागपूर रस्त्यावरच्या चढणीवर एकदा एक ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला. ट्रॉलीत बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीने मला हात हलवून टाटा केला.

मी थेट गोहलपूरला गेलो. आमचं घरही त्याच बाजूला, घरासमोर मोकळा प्लॉट, तिथेच ट्रक उभा राहायचा. गोहलपुरात ट्रकचा कुठलाही आजार बरा करणारा माणूस मिळतो. पहिला म्हणाला, टर्बो गेला. दुसरा म्हणाला, पंप गेला. तिसरा शहाणा निघाला, म्हणाला, "पहले चेक करने दो भैया, कहीं लीक होगी।" मी म्हटलं, कर, पण तपासण्याचं वेगळं काही मिळणार नाही. तो म्हणाला, तपासणं हेच तर काम आहे. तिथे आमचं वाजलं. मी हातातला चहाचा ग्लास त्याच्या ओट्यावर असा ठेवला की तो फुटला, आणि निघून आलो. त्याने मागून हाक मारली नाही.

मग मी ठरवलं. लीक नाही, पंप नाही, साडभावाने मला फसवलं आहे. दसऱ्याला आमच्यात आपट्याची पानं सोनं म्हणून एकमेकांना देतात. लहानाने मोठ्याच्या घरी जायचं, पानं हातात द्यायची आणि वाकून नमस्कार करायचा. आपटा मिळाला नाही तर आम्ही कांचनाराची पानं चालवून घेत असू. दरवर्षी मी खमरियाला जाऊन साडभावाला सोनं द्यायचो. या वर्षी चारचौघांत त्याच्या हातावर पानाऐवजी ट्रकची चावी ठेवणार होतो. म्हणणार होतो, "घ्या तुमचं सोनं." वाक्य मी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

बायकोने ते ऐकलं.

"चावी द्याल तर मग मला ताईकडे कधी जाता येणार नाही," ती म्हणाली. "या गावात माझं माहेर म्हणजे ताईच आहे. तुमचा ट्रक दुसरा येईल, ताई दुसरी येणार नाही."

"मग मी फसवून घेऊ?"

"फसवलंय हे आधी दाखवा तरी."

तिने दुसऱ्या दिवशी माझ्या परस्पर ताईला आणि जीजाजींना नवमीच्या जेवणाचं निमंत्रण दिलं.

आता नवमी म्हणजे आमच्याकडे खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस विश्रांती. बाकीच्या घरांत हे जरा सैल असेल. आमच्या आईच्या घरात सैल काही नव्हतं. तिने माझे पाने, पेचकस, हातोडी, जॅक तर मांडलेच, शिवाय विळी, कात्री, सुया, सांडशी आणि माझं दाढीचं सामानही मांडलं होतं. मी खुंटं वाढलेल्या तोंडाने पाहुण्यांसमोर बसलो. भाजी चिरलेली नव्हती, हाताने मोडलेली होती.

वडील जेवून झोपले. या गोष्टीत ते एवढेच आहेत.

साडभाऊ पुरणपोळीवर तूप ओतून घेत म्हणाला, "काय छोटे, गाडी काय म्हणते?"

मी दिवसभर गप्प राहायचं बायकोला कबूल केलं होतं. पण त्याने "गाडी" हा शब्द इतक्या निरागसपणे उच्चारला की माझं डोकं फिरलं.

"गाडी म्हणते, मले काहून विकलं!"

"म्हणजे?"

"म्हणजे धूर सोडून राहिली, ओढून नाही राहिली, ट्रॅक्टरवाले टाटा करून राहिले! तुम्हाले माहीत होतं, म्हणून दुसऱ्याच शब्दाला हो म्हटलं!"

त्याने घास ताटात ठेवला. तो शांत माणूस होता, पण खरादीवर काम करणाऱ्यांचा एक वेगळाच ताठा असतो. कामाला नाव ठेवलं की ते चेहरा बदलतात.

"माझ्या हातची गाडी आहे ती. चल, आत्ता दाखव."

"दाखवतो!"

मी उठलो, पूजेकडे गेलो आणि पान्याला हात घालणार तेवढ्यात आईने माझ्या मनगटावर पळी मारली. चांगली लागली.

"उद्या," आई म्हणाली.

"आई, उद्या नाही. आज फैसला."

"मग अवजाराशिवाय कर फैसला. पूजेत मांडलं ते विश्रांतीला. मांडलं नाही ते वापर."

मी चिडून बाहेर जाणार होतो, पण साडभाऊ एकदम हसला. "बरोबर आहे आईचं. कान आणि नाक पूजेत नाही ना मांडलं? तेवढ्यावर होते."

आणि तिथून जो धिंगाणा सुरू झाला तो आठवला की मला अजून गाडी चालवताना हसू येतं.

ट्रक आदल्या दिवसापासून बंद होता, इंजिन गार होतं. साडभाऊ म्हणाला, आधी एक्झॉस्ट पाहू. इंजिनापासून टर्बोपर्यंतच्या जोडात धूर निसटत असेल तर पंख्याला जोर मिळणार नाही. त्याने मला इंजिन सुरू करायला आणि ओलं पोतं घडी करून सायलेन्सरच्या तोंडावर धरायला लावलं. मागे वाट अडली की धूर पुढच्या फटीतून जास्त जोराने निघतो. "पूर्ण बंद नको करू, इंजिन घुसमटेल. अर्धं धर." मी ट्रकच्या मागे उकिडवा बसलो, नव्या सदऱ्यावर काजळी उडत होती, आणि पुढे बॉनेट उघडून माझा साडभाऊ देव्हाऱ्यातल्या उदबत्त्यांचा जुडगा हातात घेऊन इंजिनाला ओवाळत होता.

"अवजार आहे का ही?" बायकोने आईला विचारलं.

"उदबत्ती अवजार कशी असेल?" आई म्हणाली. ती दारात स्टुलावर बसली होती आणि आता न्यायाधीश झाली होती.

इंजिन टिक-टिक करत होतं. साडभाऊ उदबत्तीचा धूर एकेका जोडाजवळ नेत होता. बाकी सगळीकडे धूर सरळ वर जात होता. टर्बोच्या फ्लँजजवळ, दोन नळ्यांच्या चकत्या बोल्टने आवळतात तिथे, धुराची रेघ एकदम तुटली आणि टिकटिकीच्या तालावर नाचायला लागली. जणू आतून कोणी फुंका मारतंय.

मी पोतं टाकून पळत पुढे आलो, इंजिन बंद करून चावी खिशात टाकली. जोडावर काजळीचा काळा पंखा उमटला होता. चार बोल्टांच्या जागी तीन होते.

"चौथा कुठे आहे?" मी विचारलं.

साडभाऊ उदबत्त्या विझवायला लागला.

"जीजाजी, चौथा बोल्ट कुठे आहे?"

"तो… आतच तुटला होता. काढायला गेलो तर इंजिनाचं पूर्ण डोकं उतरवावं लागलं असतं. जोड तिनावर टाइट बसला होता तेव्हा."

मी जागच्या जागी उडी मारली. खरंच मारली. मी तेव्हा पोरगेला नव्हतो, पोट सुटलेलं होतं. "ताई, ऐकलं? ऐका हो सगळे! माझ्या हातची गाडी! तीन बोल्ट! अहो, माणसाला तीन पाय असते तर…"

"तीन पायांचं स्टूल चालतंच," आई म्हणाली. "मी बसलीये त्यावर."

बायकोचा चेहरा पडला होता. ती माझ्या खिशाकडे पाहत होती. चावी तिथे होती आणि मी वरून हात ठेवला होता. ताईने पदराचं टोक दातात धरलं. मला वाटलं, संपलं, उद्यापर्यंत थांबायचीही गरज नाही.

पण साडभाऊ तिथून हलला नाही. तो त्या फटीकडे पाहत म्हणाला, "छोटे, बोल्ट माझा. कबूल. पण एवढ्या टिकटिकीने एवढा काळा धूर होत नाही. इथून थोडा जोर जातो. तुझी तर सगळी हवाच जाऊन राहिली. चढणीवर आवाज येतो का कुठून? सूं करून?"

येत होता. समोरून, खालून कुठून तरी. मी ते बोललो नसतो, पण बायको म्हणाली, "येतो. मागच्या महिन्यात मी बसली होती ना, मला वाटलं कुकर आहे."

मग हवेच्या वाटेची तपासणी. टर्बोने दाबलेली हवा रबरी नळ्यांतून समोरच्या जाळीमागे थंड होऊन इंजिनात जाते. उभ्या गाडीत ती दाबली जात नाही, म्हणून फट दिसत नाही. बाहेरून हवा भरायला पाहिजे. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर? त्यालाही त्याने झेंडूची माळ घातली होती, मी सकाळीच पाहिली होती. घरातला पंपही पाटावर होता, कपाळाला कुंकू लावून.

"ट्यूब आहे," बायको म्हणाली.

ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब होती आमच्याकडे. उन्हाळ्यात पोरं ती नर्मदेवर पोहायला न्यायची. फुगवलेली, गच्चीवर पडून. आम्ही आईकडे पाहिलं.

"मांडली नाही," आईने निकाल दिला. "आणा."

कुलरला पाणी भरायचा पाइप आणला. त्याचं एक टोक ट्यूबच्या तोंडाला बसवायचं होतं. एअर फिल्टरचं झाकण नुसत्या चिमट्यांवर असतं, ते हाताने निघालं. तिथे पाइपाचं दुसरं टोक घालून भोवती ओला टॉवेल आणि पिशव्या गच्च कोंबल्या. साडभावाने नखं तुटेपर्यंत ट्यूबची पिन फिरवली आणि तोंड मोकळं करून त्यावर पाइप दाबून धरला. आईने रिठ्याच्या पाण्याचा फेस करून दिला. तो आम्ही जिथे हात पोचला तिथे सगळ्या नळ्यांवर लावला. हवा निसटली की बुडबुडे येणार.

"आता दाबा," साडभाऊ म्हणाला. "बसा ट्यूबवर."

बायको बसली. काही झालं नाही. ताई बसली. ट्यूबने जरा उसासा टाकला. दोघी बहिणी नवमीच्या साड्या नेसून ट्रकच्या ट्यूबवर डुलत होत्या आणि एकमेकींना धरून हसत होत्या. एक खाली गेली की दुसरी वर उचलली जायची.

"जीजाजी, तुम्ही बसा, तुमचं वजन आहे."

"पाइप कोण धरेल?"

"मी धरतो," मी म्हणालो. मला त्याला ट्यूबवर बसलेला पाहायचा होता.

तो बसला. ताई हवेत गेली. तिची किंकाळी बहुतेक पार तिकडे राइट टाउनपर्यंत ऐकू गेली असेल. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं, "क्या हो रहा है भाभीजी?" बायको ओरडली, "पूजा हो रही है!"

पाइपातून हवा सुसाट जात होती. मी कान लावून ऐकत होतो. जाळीच्या मागून, खालून, आवाज आला. सूंऽऽ. तोच, चढणीवरचा. मी पाइप धरून बसलेला, साडभाऊ ट्यूबवर, दोघी हसून बेजार. खाली वाकून पाहायला मोकळं कोणी उरलं नव्हतं. आई स्टुलावरून उठली, हातातला रिठ्याचा फेस घेऊन समोर गेली आणि जाळीच्या खालून आत हात घातला.

फेस उकळल्यासारखा बाहेर आला. बुडबुड्यांची माळच्या माळ. त्यातले काही सुटून वर गेले, ट्रकच्या काचेसमोरून, लिंबू-मिरचीच्या बाजूने. आई आत कोपरापर्यंत हात घालून चाचपत होती.

"इथे भोक आहे. आणि इथे काहीतरी…" ती थबकली.

"काय आहे?"

"काही नाही."

"आई, काय आहे?"

"सांगितलं ना, काही नाही."

मी पाइप सोडून धावलो. हवा फुर्र करून गेली आणि तिघंही जण ट्यूबसकट जमिनीवर आले. मी आईचा हात बाहेर ओढला. तिच्या मुठीत एक नारळ होता. शेंडीवाला, सालीसकट, लाल खणात बांधलेला. खण झिजून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

ट्रक घरी आला त्या दिवशी आईने त्याची ओटी भरली होती. लेक घरी यावी तशी. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ. मला हे आवडत नाही हे तिला माहीत होतं. म्हणून मी वळल्यावर तिने नारळ जाळीच्या आत, आडव्या पट्टीवर, सुरक्षित ठेवला होता. देवीची वस्तू बाहेर टाकायची नसते. तो तिथून घसरून रबरी नळीखाली अडकला आणि पहिल्या दिवसापासून, रस्त्याच्या प्रत्येक हादऱ्याला, आपल्या काथ्याने नळी घासत राहिला. खालच्या बाजूला बोटभर चीर पडली होती. गाडी उभी असली की चीर मिटायची, हवेचा दाब आला की तोंड उघडायची. म्हणून कुणाला दिसत नव्हती.

मग साडभाऊ, अजून जमिनीवरच बसलेला, अंगावर फेस, हळूच म्हणाला, "आई, बोल्ट माझा आणि नारळ तुमचा."

आई ताठ उभी राहिली. "नारळ मी बरोबर जागी ठेवला होता. ज्याने तिथून पाइप नेला त्याला विचारा."

मग जे हसणं सुटलं त्याला अंत नव्हता. बायको हसता हसता रडली. ताईला उचकी लागली. मी मडगार्डला टेकून हसत होतो आणि मला श्वास मिळत नव्हता. आपल्या खिशात चावी आहे हेही मी विसरलो होतो.

पण तक्रार ती तक्रार. श्वास आल्यावर मी साडभावासमोर उभा राहिलो.

"ठीक आहे. फसवलं नाही. पण मग दुसऱ्या वाक्याला हो काहून म्हटलं?"

त्याने सदऱ्याने तोंड पुसलं. "घाबरून."

"काय?"

"तुला घाबरून. मला भाव करता येत नाही छोटे. भाजीवालीसुद्धा मला पाहून भाव वाढवते. तू सैल चपला घालून आलास, तेव्हाच समजलो, हा आता चारदा उठणार. म्हटलं, याच्यासमोर तासभर बसलो तर ट्रकसोबत अंगावरचा सदरा पण जाईल. म्हणून पटकन हो म्हणून मोकळा झालो."

बाकी सगळ्यांना हे उत्तर पुरलं. मला पुरलं नाही. "ही काय रीत झाली? माणसाने निदान एकदा तरी कपाळाला हात लावायचा!"

"मग आता करा ना," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत चमक आली होती. "उद्याचं सोनं कोण कोणाला देणार, त्याचा भाव करा. आमच्यासमोर."

सगळे अंगणात आलो आणि मी लगेच बसलो. "ठीक. उद्या तुम्ही माझ्या घरी यायचं, जीजाजी. आणि सोनं आधी तुम्ही द्यायचं."

साडभावाने ताईकडे पाहिलं. मग अगदी हळूहळू, विचार करून, त्याने कपाळाला हात लावला.

त्या क्षणी मी त्याला अर्धं माफ केलं.

"थोरल्याने धाकट्याला द्यायचं? जगात असं कुठे झालं नाही. तू खमरियाला ये, फाटकापासून पायी ये, आणि वाकून दे."

"पायी! तीन बोल्टवाल्याच्या घरी पायी!"

"नारळवाल्याने पायीच यायचं."

मी उठलो, चपला घातल्या, फाटकाबाहेर गेलो आणि ट्रकच्या आडोशाला उभा राहिलो. आतून हाक नाही. मी थोडा थांबलो. आत बायका फिदीफिदी हसत होत्या. आणखी थांबलो. हा माणूस हाक मारतच नव्हता! मी चाकाच्या मागून डोकावलो, तर तो निवांत चहा पीत होता. मला वाटलं, आता आपल्यालाच परत जावं लागणार. अशी नामुष्की माझ्यावर कधी आली नव्हती. तेवढ्यात तो ओरडला, "ए छोटे! अरे, ऐक तर!"

काय सांगू. मी जवळजवळ पळत आत गेलो.

चहा पुन्हा झाला, तोही गार झाला, तेव्हा सौदा ठरला. ना त्याचं घर ना माझं. दसऱ्याला गावाची वेस ओलांडून यायची रीत आहेच, तर ट्रकनेच वेस ओलांडायची. गिट्टी, म्हणजे खडी, भरून, नागपूर रस्त्याच्या त्याच चढणीला. ट्रक मध्ये न थांबता वर पोचला तर मी वाकून सोनं देणार. थांबला तर तो मला देणार आणि चावी परत घेणार, बोल्ट-नारळ काही न बोलता. आईने साक्षीदार म्हणून नारळ आपल्याकडे ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी आईने पूजा उचलली आणि पाना माझ्या हातात दिला. गोहलपुरातून नवी नळी आणि ती आवळायचे पट्टे आणले. त्या तिसऱ्या मिस्त्रीकडेच मिळाले. या वेळी त्याने मला चहा कागदी कपात दिला. तुटका बोल्ट साडभावाने तासभर खपून जागच्या जागी काढला, हाताची साल गेली, पण डोकं उतरवावं लागलं नाही. "तेव्हा काहून नाही काढला?" मी विचारलं. तो म्हणाला, "तेव्हा तू डोक्यावर उभा नव्हतास."

दुपारी निघालो. मी चालवायला, साडभाऊ खिडकीशी, मागच्या बाकावर आई, बायको, ताई, आणि आईच्या मांडीवर नारळ. मागे गिट्टीचे ढीग. चढण लागली. मी गिअर उतरवला. साडभावाने डोकं खिडकीबाहेर काढलं आणि कान वाऱ्याला दिला. ट्रॅक्टरवाली जागा आली. मी पाय दाबला. आणि टर्बोने शीळ घातली. स्वच्छ, बारीक, वर वर चढत जाणारी. आरशात पाहिलं, मागे धूर नव्हता, नुसतं ऊन होतं. ट्रक असा वर निघाला जणू मागे गिट्टी नाही, कापूस आहे. मी ओरडलो, बायको ओरडली, आई म्हणाली, "हळू, नारळ पडेल."

एका वळणावर मला वाटलं, जरा पाय सैल सोडावा, थोडा थांबू द्यावा. मग तो मला सोनं देईल. मी आरशात पाहिलं. बायको माझ्या पायाकडेच पाहत होती. मी पाय आणखी दाबला.

वर सपाटीला गाडी लावली. उतरलो. खिशातून कांचनाराचं पान काढलं. चावी दुसऱ्या खिशात होती, तिथेच राहू दिली. वाकलो, साडभावाच्या पायांना हात लावला आणि पान पुढे केलं.

त्याने ते घेतलं नाही. हातात न घेता नुसतं वाकून पाहिलं, इकडून, तिकडून.

"एकच?" तो म्हणाला. "आणि कडेला कीड खाल्लेलं. दोन दे."

"एकच मिळेल."

"मग राहू दे."

आणि माझा साडभाऊ, ज्याला भाजीवालीसुद्धा फसवते, चपला नीट सरकवून, हात मागे बांधून, उताराने खमरियाच्या दिशेने चालायला लागला. ताई तोंडावर पदर धरून ट्रकला टेकली. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून पाहत राहिलो. चाल बरोबर होती. मागे वळून न पाहणं बरोबर होतं. खांद्यांत थोडा राग पाहिजे होता, पण नवीन माणूस म्हणून सोडून दिलं.

मी त्याला चांगला दूर जाऊ दिला. मग हाक मारली.